दहावी ‘अ’, १९९६

आमच्या दहावीच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. १४ मार्च १९९६ ला कुठला पेपर होता? आदल्या रात्री ईडन गार्डनवर भारत-श्रीलंका उपांत्य सामना झाला. बाटल्या उडाल्या, सामना थांबला, कांबळी रडत मैदानाबाहेर आला, आणि ऐन दहावीच्या परीक्षेत आम्ही सगळे पुस्तक मांडीवर उघडं ठेवून टीव्हीपुढे बसलेलो. इथपर्यंत एकमत. पुढे एकजण म्हणतो बीजगणित, दुसरी शपथेवर सांगते इतिहास, आणि आडत्याचा मुलगा ठामपणे म्हणतो की त्या दिवशी पेपरच नव्हता, सुट्टी होती, म्हणून तर त्याला बघू दिलं. मला एवढंच आठवतं की आमच्याकडे मध्येच लाइट गेली आणि शेवट मी शेजारच्या रेडिओवर ऐकला. पेपर कुठला होता ते मलाही सांगता येणार नाही, पण रोज सकाळी स्टुटगार्टच्या ट्राममध्ये मी हा वाद चवीने वाचते.

बार्शीचे आम्ही. (स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनीशहरं आहेत, बार्शीला अशी बहीण कुणी दिली नाही.) शाळा सुटून तीस वर्षं झाली म्हणून दिवाळीत स्नेहमेळावा ठरलाय आणि त्यानिमित्ताने आठवणींचा पूर आलाय. फाटकाबाहेर टोपलीत चिंचा-बोरं विकणाऱ्या मावशी. परिपाठाला फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला सुविचार, जो कोण लिहायचं यावरून भांडणं व्हायची. पंढरपूरची सहल, बार्शी लाइटने. १८९७ सालची ती अडीच फुटी रुळांची गाडी इतकी निवांत चालायची की मुलं खाली उतरून पळत पुढच्या डब्यात चढायची, असं मुलं सांगतात. मुलींना खाली उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे खरंखोटं मला माहीत नाही. आणि २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो गुरुवार. अर्धी शाळा देवळाच्या रांगेत होती. उरलेल्यांना विज्ञानाच्या सरांनी वर्गात बसवलं, चमच्यात पाणी घेतलं, खडूचं टोक त्याला लावलं आणि खडू पाणी प्यायला लागला. “घ्या, आता खडूलाही नारळ फोडा,” असं म्हणाले. आजही ग्रुपवर कुणी चमत्काराचा मेसेज टाकला की खाली कुणीतरी फक्त ‘खडू’ एवढंच लिहितं.

सगळ्यात जास्त प्रेम कशावर असेल तर शाळेच्या घंटेवर. घंटा म्हणजे छोट्या गाडीच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेने टांगलेला, शिपाईमामा त्यावर लोखंडी दांडा हाणायचे. तो आवाज आमच्या वर्गापर्यंत लांबून, गोड होऊन यायचा. एकाने तो आवाज कुठूनसा मिळवून मोबाइलची रिंगटोन केलाय.

आठवणी झाल्या की शेवटी एक वाक्य येतंच: आता असल्या शाळा राहिल्या नाहीत. आणि तिथून गाडी राजकारणावर घसरते. गेल्या वर्षी, १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. ते अडीच महिने आमचा ग्रुप धगधगत होता. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढ्यांचे फोटो टाकणारेच आता आघाडीवर होते. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं २०२३ मध्ये निघालं, तेव्हाही असंच. मराठी शाळा वाचवा, मातीशी नाळ, वगैरे.

हिंदीच्या वादात मीही तोंड घातलं. कारण सांगण्यासारखं होतं. मी राहते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात प्राथमिक शाळेत पहिलीपासून परकी भाषा शिकवायचा प्रयोग पंधरा वर्षं चालला. मग २०१८ च्या शालेय वर्षापासून तो मागे घेतला आणि इंग्रजी तिसरीत नेली, ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात फ्रेंच. का, तर पहिल्या दोन वर्षांचे तास जर्मन वाचायला-लिहायला आणि गणिताला हवेत. शाळांना कळवलं, विषय संपला. रस्त्यावर कुणी उतरलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या पिढीचं बघा, आम्ही हिंदी आणि एबीसीडी दोन्ही पाचवीत शिकलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, आम्ही बाहेर पडल्यावर. म्हणजे उशिरा सुरुवात केल्याने कुणी मरत नाही, याचे आम्हीच पुरावे. हे सगळं मी मुद्देसूद लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: “लई भारी लिवलंस. तुझी पोरगी कुठल्या भाषेत भांडती?”

जर्मनमध्ये. माझ्याशी मराठीत बोलते, पण चिडली की जर्मन.

तर हा टोला मला मान्य आहे. बाहेर बसून मराठी शाळेसाठी गळा काढणं सोपं. पण टोला मारणाऱ्याची दोन्ही मुलं सोलापूरला इंग्रजी माध्यमात आहेत. ग्रुपवर बावन्न जण आहोत. त्यातल्या किती जणांची मुलं मराठी माध्यमात शिकली ते मी मनातल्या मनात मोजलं. तीन. त्यातले दोघं स्वतः शिक्षक. हे कुणाला खाली दाखवायला सांगत नाही; मी बार्शीत राहिले असते तर मीही तेच केलं असतं. पण मग आपण जिच्यासाठी रडतो ती शाळा कोण मारतंय, हा प्रश्न शासनाला विचारण्याआधी घरात विचारायला हवा.

आणखी एक गोष्ट खटकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही, असा. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पाच महिने हे चाललं होतं. आमच्या ग्रुपवर त्यावर एक मेसेज आला नाही. मीही टाकला नाही. पहिलीत कुठली भाषा शिकवायची यावर आपण रात्रभर भांडतो, आणि त्या पहिलीच्या बाकावर शेजारी कोण बसणार यावर आपल्याला मत नसतं.

मला हे उशिरा सुचलं, आणि तेही इथल्या एका पत्रामुळे. माझी मुलगी यंदा चौथीत होती. इथे घर ज्या भागात, त्यावरून प्राथमिक शाळा ठरते. त्यामुळे तिच्या वर्गात मोटार कंपनीतल्या इंजिनिअरची मुलं, तुर्की भाजीवाल्याची नात, सीरियातून आलेली दोन भावंडं, सगळे एकत्र. पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मूल भला मोठा कागदी शंकू छातीशी धरून येतं, आत खाऊ आणि पेन्सिली. चालत जायचं, आईबापांनी गाडीने सोडलं तर शाळेकडून नापसंतीची चिठ्ठी. हे बघून मला वाटलं होतं, अरे, ही तर आमचीच शाळा. चार वर्षं मी ग्रुपवर हे कौतुकाने सांगत होते.

मग चौथीच्या मध्यावर शिफारसपत्र आलं. दहा वर्षांच्या मुलाने पुढे गिम्नाझियुममध्ये (विद्यापीठाकडे नेणारी वरची शाळा) जावं, रेआलशूलेत (मधली) की आणखी खालच्या वाटेने, याचं पत्र. शिक्षकांचं मत, नोव्हेंबरमधली जर्मन-गणिताची चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींतून पुढची वाट ठरते. मधल्या काळात इथे पालकांचा शब्द शेवटचा होता. आता पुन्हा आवळलंय. वाट नंतर बदलता येते असं सगळे सांगतात, आणि येतेही, पण चढणारे थोडे. घराची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांची सांगड इथे किती घट्ट आहे, हे २००० च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने दाखवलं तेव्हा अख्खा देश हादरला होता. त्याला चोवीस-पंचवीस वर्षं झाली, वाटा दहाव्या वर्षीच फुटतात. माझ्या मुलीला वरच्या वाटेचं पत्र मिळालं. तिच्या जिवलग मैत्रिणीला, भाजीवाल्याच्या नातीला, नाही. दोघी एका गल्लीत राहतात. परवा माझी मुलगी म्हणाली, आता आमच्या सुट्ट्या वेगळ्या तासाला होणार.

मला राग आला. ऑफिसात एका सहकाऱ्याकडे बोलले. तो नुकताच त्याच्या शाळेच्या पंचवीस वर्षांच्या मेळाव्याला जाऊन आला होता, मोठ्या आनंदात होता. मी विचारलं, चौथीपर्यंतची मुलं भेटली का? त्याला प्रश्नच कळला नाही. मेळावा गिम्नाझियुमचा होता. चौथीतल्यांपैकी त्याला दोन नावं आठवली. तुमच्याकडे दहा वर्षांच्या मुलांची अशी विभागणी करतात, आमच्याकडे सगळे दहावीपर्यंत एकत्र असतात, असं मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

ट्राममध्ये बसले, फोन उघडला, आणि ग्रुपचं नाव वाचलं. ‘दहावी अ, १९९६’.

आमच्या शाळेत दहावीच्या चार तुकड्या होत्या. अ, ब, क, ड. गुणांवरून. पाचवीत आलात की तुकडी लागायची, म्हणजे तेव्हा वय काय, दहा. नंतर बदलायची असं सगळे सांगायचे. अ ला गणिताचे तेच सर, विज्ञानाचे तेच खडूवाले सर, बोर्डात येण्याची स्वप्नं, जादा तास. ड चा वर्ग फाटकाजवळ, पत्र्याचा. उन्हाळ्यात तिथून मुलं भाजून निघाल्यासारखी बाहेर यायची. त्यांना कोण शिकवायचं, मला खरंच आठवत नाही. ज्यांचा तास रिकामा असेल ते जायचे, असं काहीसं. आडत बाजारातल्या हमालांची मुलं, वस्तीवरून चालत येणारी, नापास होऊन मागे राहिलेली. डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका शाळेत होते हे खरं. एका बाकावर होते, हे आम्ही नंतर रचलं.

त्या ड मध्ये एक मुलगी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुका झालेल्या, गाव थकून झोपलं होतं. बार्शीतही भांडी पडली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो, कितीतरी रात्री अंगणात झोपलो. ती किल्लारीच्या बाजूच्या एका गावातली. घरातली तिघं गेली. दिवाळीनंतर मामाकडे आली, आमच्याच बोळात. आठवीत वर्षाच्या मध्ये आली म्हणून तिला ड मध्ये बसवलं, जागा तिथेच होती. आम्ही दोघी रोज बरोबर जायचो. फाटकातून आत शिरलो की ती डावीकडे वळायची, मी सरळ. अडीच वर्षांत मी त्या पत्र्याच्या वर्गात एकदाही गेले नाही. तिचं अक्षर माझ्याहून सुंदर होतं. सुविचार मात्र अ तुकडीनेच लिहायचा, असा नियम होता.

एक गोष्ट तरीही आमच्या बाजूने सांगते, कारण ती इथे नाही आणि तिथेही आता नाहीशी होतेय. मार्च १९९६ मध्ये तिच्यापुढे आणि माझ्यापुढे एकच प्रश्नपत्रिका आली. पुणे विभागाची, तोच छापील कागद, तेवढेच तीन तास. तिला कुणी दहाव्या वर्षी वेगळ्या परीक्षेकडे पाठवलं नव्हतं. शिकवलं नाही, पण दार बंदही केलं नाही. ५८ टक्के मिळवून ती पास झाली. आज बार्शीसारख्या गावातही कुणाचं राज्य मंडळ, कुणाचं सीबीएसई, आणि फी पाहून आधीच तुकड्या पडलेल्या. आमची निदान एक शाळा होती आणि तिच्या चार तुकड्या होत्या. आता तुकड्याच वेगवेगळ्या शाळा झाल्यात, आणि त्यांची फाटकंही वेगळी.

मी ग्रुपवर लिहिलं, स्नेहमेळाव्याला चारही तुकड्या बोलावू. बराच वेळ निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग अॅडमिन म्हणाला, “कल्पना चांगलीय. पण मग हॉल मोठा लागंल.” दुसरा म्हणाला, त्यांचे नंबर कुणाकडे आहेत? कुणाकडेच नव्हते. बावन्न जणांत एकाकडेही नव्हते. चौदा मार्चच्या पेपराचा वाद संध्याकाळी पुन्हा सुरू झाला.

तिचा नंबर मला माझ्या आईने तिच्या मामीकडून मिळवून दिला. ती आता तुळजापूरला असते, शिवणकामाचं दुकान आहे, मुलगा नर्सिंगला. मी फोन केला, आवाज ओळखेना, मग ओळखला. पाऊण तास बोललो. मेळाव्याला ये म्हटलं, तर बघते म्हणाली. बोलता बोलता मी कौतुकाने रुळाच्या घंटेचा विषय काढला, रिंगटोनचंही सांगितलं.

“अगं बाई, ती घंटा,” ती म्हणाली. “आमच्याच खिडकीच्या गजाला टांगलेली व्हती. मामा दांडा हाणायचे आन् अख्खा पत्रा हादरायचा. पयल्या दिवशी मी बाकाखाली शिरले, पुन्हा भूकंप झाला म्हणून. सगळा वर्ग हसला. मग महिनाभर घंटा व्हायच्या आधी मागच्या बाकावरचं एक पोरगं पाटावर टकटक करायचं, मला कळावं म्हणून.”

त्या मुलाचं नाव तिला आठवत होतं. मी लिहून घेतलं.