काचेपलीकडच्या माणसाला भेटण्याचा हक्क

व्हिसाची मुदत संपली, आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला किंवा ओळख पटवणारी कागदपत्रे जवळ नाहीत, एवढ्या कारणावरून जगातले अनेक देश माणसाला महिनोन्‌महिने कुलूपबंद ठेवतात. कायद्याच्या भाषेत ही शिक्षा नसते. तिला प्रशासकीय स्थानबद्धता म्हणतात, म्हणजे प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत किंवा परत पाठवणी होईपर्यंत तो माणूस सरकारच्या हाताशी असावा, एवढ्यापुरतेच तिचे समर्थन केले जाते. तरीही त्याची बायको, मुले, आईवडील त्याला कधी, किती वेळ आणि कसे भेटू शकतील हे ठरवताना त्याला शिक्षा झालेल्या कैद्याच्याच मापाने, काही ठिकाणी तर त्याहून कोत्या मापाने मोजले जाते. याबद्दल बरेच दिवस लिहायचे मनात होते.

ही भेट सवलत आहे, असे अनेक अधिकारी मानतात आणि दुर्दैवाने कुटुंबेही तसेच समजून हात जोडून उभी राहतात. आंतरराष्ट्रीय दस्तऐवज मात्र वेगळे सांगतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1988 मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार, कोणत्याही प्रकारे अटकेत असलेल्या व्यक्तीला कुटुंबीयांच्या भेटीचा आणि पत्रव्यवहाराचा हक्क आहे, आणि तिने विनंती केल्यास शक्यतो तिच्या नेहमीच्या वास्तव्यापासून वाजवी अंतरावरच तिला ठेवले पाहिजे. कैद्यांना कसे वागवावे याविषयीचे संयुक्त राष्ट्रसंघाचे, 2015 मध्ये सुधारून घेतलेले आणि नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखले जाणारे नियम तर स्पष्ट बजावतात की शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाशी असलेला संपर्क बंद करता येणार नाही. गुन्हा सिद्ध झालेल्या कैद्यालाही जे संरक्षण आहे, ते केवळ मुदत उलटलेल्या व्हिसासाठी पकडलेल्या माणसाला नाकारण्याला कोणता आधार उरतो? स्थलांतरित कामगारांविषयीच्या 1990 च्या करारातील सतराव्या कलमात, अटकेत असताना कुटुंबीयांच्या भेटींबाबत त्यांना त्या देशाच्या नागरिकांइतकेच हक्क असतील, असे लिहिलेले आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया यांपैकी एकाही देशाने हा करार मान्य केलेला नाही, आणि स्थलांतरित माणसे कामासाठी जातात ती बहुतांशी अशाच देशांत.

तथापि, भेट नाकारणारा लेखी आदेश क्वचितच निघतो. भेट बुडते ती अंतरामुळे, आणि माझ्या मते या प्रश्नाची खरी नाडी येथेच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरात पकडलेल्या माणसाला लुइझियानाच्या किंवा टेक्सासच्या ग्रामीण भागातील केंद्रात हलवले जाते, तेव्हा त्याचे कुटुंब रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर पडते. भेटीचा नियम तेथेही भिंतीवर लावलेला असतो, वार आणि वेळही ठरलेली असते. पण रोजंदारीवर जगणाऱ्या बाईने दोन मुलांना घेऊन तेथवर जायचे, राहायचे आणि परत यायचे कशाच्या बळावर, याचे उत्तर त्या नियमात नसते. त्यातही एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवताना घरच्यांना आधी कळवले जाईल याची खात्री नसते. आपला माणूस आता कोठे आहे, हे त्यांना संकेतस्थळावर शोधावे लागते किंवा त्याच्या फोनची वाट पाहत बसावे लागते. ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे आलेल्या आश्रयार्थींना नाऊरूसारख्या दुसऱ्याच देशाच्या बेटावर नेऊन ठेवले, तेव्हा घरच्या माणसाने भेटीला येण्याची शक्यता जवळजवळ संपलीच.

दुसरा अडथळा भीतीचा आहे. भेटीला येणाऱ्याकडे ओळखपत्र मागितले जाते, आणि ज्या घरात एकाचे कागद पूर्ण आणि दुसऱ्याचे अपूर्ण असतात, तेथे भेटीला जाणे म्हणजे स्वतःहून त्याच यंत्रणेच्या दारात उभे राहणे होय. मग मूल त्या देशाचे नागरिक असूनही त्याला बापाकडे घेऊन जाणारे कोणी उरत नाही. भेटीसाठी आलेल्या नातेवाइकाच्या वास्तव्याची चौकशी त्या दारात होणार नाही, अशी लेखी हमी सरकारने दिली पाहिजे. त्याशिवाय हा हक्क अर्ध्या कुटुंबांपुरताच राहील.

भेटीकडे केवळ मायेची गोष्ट म्हणून पाहिले जाते, तेही अपुरे आहे. स्थानबद्ध माणसाचे प्रकरण उभे राहते ते घरच्यांनी जमवलेल्या कागदांवर: भाड्याच्या पावत्या, मुलांचे शाळेचे दाखले, जुने वैद्यकीय अहवाल, मायदेशी असलेल्या धोक्याचे पुरावे. सरकारी खर्चाने वकील मिळण्याची हमी जेथे नाही, तेथे तर वकील शोधण्यापासून जामिनाची रक्कम उभी करण्यापर्यंत सगळे घरच्यांवरच येते. समोरासमोर बसून, कागद हातात घेऊन झालेले तासाभराचे बोलणे आणि मध्येच तुटणारा फोन यांत फार अंतर आहे. कुटुंबापासून तोडलेला माणूस पुष्कळदा आपली बाजू मांडण्याआधीच खचतो आणि परत जाण्याच्या कागदावर सही करून मोकळा होतो.

व्हिडिओ कॉलची सोय झाली म्हणून प्रत्यक्ष भेटी कमी केल्या तरी चालतील, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दूरच्या नातेवाइकांसाठी ती सोय जरूर असावी, पण तिने भेटीची जागा घेऊ नये. दोन वर्षांच्या मुलाला पडद्यावरचा बाप ओळखू येईलही, पण तो त्याला उचलून घेणार नाही. सुरक्षेचा मुद्दा मी नाकारत नाही. झडती घ्यावी, खोलीत पहारेकरी असावा. मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीपासून प्रत्यक्ष धोका असल्याचे कारण नोंदवल्याशिवाय सरसकट सगळ्यांना काचेआड बसवणे ही केवळ यंत्रणेची सोय आहे.

हा हक्क एकट्या स्थानबद्ध माणसाचा नाही, तर मुलाचाही आहे. बालहक्कांच्या 1989 च्या कराराचे नववे कलम आईवडिलांपासून वेगळ्या झालेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर, त्यांच्याशी नियमित आणि प्रत्यक्ष संपर्काचा हक्क देते. सरकारनेच आईला किंवा वडिलांना अटक केली वा हद्दपार केले असेल, तर ते कोठे आहेत याची माहिती मागितल्यावर द्यावी, असेही ते सांगते. म्हणूनच माझी मागणी साधी आणि नेमकी आहे. परत पाठवणीचा दिवस ठरला की तो कुटुंबाला आधी कळवावा, आणि त्या माणसाला विमानतळावर नेण्यापूर्वी एका खोलीत, मध्ये काच न ठेवता, त्याची मुलांशी निदान एक भेट घडवून आणावी.