"कम्युनिटी कॉलेज म्हणजे उरलेल्यांचं कॉलेज" वाल्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या मराठी ग्रुपवर दर एप्रिलला, ॲडमिशनचे रिझल्ट लागले की, एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आलाच. थोडक्यात काय तर कम्युनिटी कॉलेजात (अमेरिकेतलं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, तिथून ट्रान्सफर होऊन उरलेली डिग्री युनिव्हर्सिटीत करता येते) कुठेच घेत नाहीत ती मुलं जातात, तिथे केलेल्या कोर्सचे क्रेडिट पुढे युनिव्हर्सिटीत चालत नाहीत, डिग्रीवर जन्माचा डाग लागतो, तेव्हा कर्ज काढा पण मुलांना थेट युनिव्हर्सिटीतच घाला. खाली २४ अंगठे. माझी मुलगी याच रस्त्याने गेलीय त्यामुळे गप्प बसवत नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

"कुठेच घेत नाहीत ती मुलं." ॲडमिशन जवळपास सगळ्यांना मिळते हे खरंय, मुद्दामच दार उघडं ठेवलंय. पण म्हणून आत आलेला प्रत्येक जण दुसरीकडून हाकललेलाच असतो का? मुलीच्या कॅल्क्युलसच्या वर्गात शेजारी दोन पोरांची आई बसायची, मागे रात्रपाळी करून आलेला एक जण, तो पहिली दहा मिनिटं पेंगायचा आणि मार्क मात्र हिच्यापेक्षा जास्त. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात शिकली, तिथून सिराक्यूज युनिव्हर्सिटीत गेली. तिला कोणी उरलेली म्हणून दाखवा. (या कॉलेजांना पूर्वी ज्युनिअर कॉलेज म्हणायचे, ते मी सासूबाईंना सांगून बसले, तर त्यांना वाटलं नात परत अकरावीला बसली.)

"कर्ज काढा पण." इथे मेसेजवाल्याने आकडे सोयीस्कर गाळलेत. क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटला (क्वार्टर म्हणजे साधारण तीन महिन्यांचं सत्र, युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ३१ डॉलर पडतात, वर्षाची ४५ युनिट धरली तर १,३९५, वर किरकोळ फी, पुस्तकं आणि पार्किंग. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, नुसती फीच वर्षाला जवळपास १५ हजार आणि हॉस्टेल, जेवण धरलं की ४० हजारांच्या पुढे. घरून जाऊन येणाऱ्या मुलाचा दोन वर्षांतला फरक काढा आणि मग कर्जाबद्दल बोलू. हां, घरचं उत्पन्न कमी असेल आणि यूसीनेच भरपूर मदत देऊ केली असेल तर हे गणित फिरतं, तेव्हा एड ऑफर, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र, हातात आल्याशिवाय काहीच ठरवू नका.

"क्रेडिट चालत नाहीत." हा मुद्दा सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात कामाचा. असिस्ट डॉट ऑर्ग नावाची अधिकृत साइट आहे. आपलं कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी आणि मेजर (मुख्य विषय) टाकलं की डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, मधे बाण, उजवीकडे त्याच्या जोडीचा आपल्या कॉलेजचा कोर्स, आणि जोडीचा नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. आमच्या फ्रिजवर तो कागद दोन वर्षं होता, झालेल्या कोर्सवर हिरवी रेघ. तरी एकदा गडबड झालीच. मैत्रिणीने घेतलं म्हणून हिनेही बीजगणितावरचं फिजिक्स घेतलं, इंजिनिअरिंगला लागतं कॅल्क्युलसवरचं, झालं, एक क्वार्टर पाण्यात. कागद समोर होता, बघितला नाही, यात कॉलेजचा काय दोष? क्रेडिट चालतात, पण आपण बघून घेतले तरच.

"डिग्रीवर डाग." यूसीच्या डिग्री सर्टिफिकेटवर यूसीचंच नाव असतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली ते त्यावर छापत नाहीत. आणि आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेले इंजिनिअर काय कमी आहेत? या ग्रुपवरच असतील चार-पाच. त्यांना कोणी डाग म्हणत नाही, मग हाच रस्ता अमेरिकेत आला की लाज कसली वाटते? लग्नात "मुलगी कुठे असते" विचारल्यावर काय सांगायचं, एवढाच प्रश्न असतो बहुतेकांचा, स्पष्टच बोलते.

उलट पुढच्या ॲडमिशनचं बघा. यूसीएलएला, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला, थेट हायस्कूलमधून अर्ज केला तर शंभरातल्या नऊ-दहा जणांना मिळते, ट्रान्सफरने साधारण चारांतल्या एकाला. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या यूसीच्या सहा कॅम्पसना तर टॅग नावाची लेखी हमी मिळते, ठरलेली युनिट आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) जमवलं की जागा पक्की. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो टॅगमधे नाहीत. आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी जास्त खूश होऊ नका, बऱ्याच कॅम्पसवर ते टॅगमधून वगळलंय, तिथे ट्रान्सफरलाही मारामारी आहे.

मेसेजवाल्याच्या बाजूने एकच गोष्ट आहे आणि नेमकी तीच त्याने लिहिली नाही. देशभरात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांना पुढे चार वर्षांची डिग्री हवी असते, पण प्रत्यक्षात ट्रान्सफर होतात ते जेमतेम एक तृतीयांश. नोकरी, घर, मधेच सुटलेलं गणित, काउन्सेलरची न मिळणारी अपॉइंटमेंट, कारणं पुष्कळ. तुमच्या मुलाला स्वतःहून काही हलवायची सवय नसेल, तर कॅम्पसवर राहून चार मित्रांच्या धक्क्याने पुढे जाणंच त्याला बरं पडेल, हे मी माझ्या धाकट्याकडे बघून लिहितेय.

टॅगचा फॉर्म १ ते ३० सप्टेंबरात भरायचा असतो, ट्रान्सफर व्हायच्या आदल्या वर्षी. आमचा २९ तारखेला रात्री गेला.