प्रवाळ म्हणजे पायरी नव्हे!

पाठीवर सॅक टाकून आम्ही दोघं आठवडाभर अंदमानात, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) आहोत. आणि रोज तेच! एलिफंट बीचवर मास्क लावून पाण्यात उतरावं, तर समोर कुणीतरी प्रवाळावर खुशाल उभं. फोटोसाठी! अहो, दगड नाही, जीव आहे तो! गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. तुमच्या टाचेखाली किती वर्षं चिरडली? काल तर एक काका ओल्या रुमालात प्रवाळाचा पांढरा तुकडा गुंडाळत होते. शोकेससाठी! ही म्हणाली, "काका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं याला बंदी आहे." "एकानं काय होतंय?" एकानं? बोटी भरभरून माणसं उतरतात इथे! प्रत्येकानं एकेक तुकडा नेला तर उरणार काय?