डोळ्यांत तेल, डोक्यावर बॅग

मौल्यवान वस्तू विमानातून कशी न्यावी, याबद्दल विमान कंपन्यांचं म्हणणं स्वच्छ असतं : तुमची तुम्ही न्या आणि तुमची तुम्ही सांभाळा. रोकड, दागिने, लॅपटॉप, महत्त्वाची कागदपत्रं मोठ्या बॅगेत घालून आमच्या ताब्यात देऊ नका, असं तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याच अटींत थोडं खाली, हातातल्या बॅगेचं वजन अमुक किलोंच्या वर जाता कामा नये, असंही असतं. बऱ्याच ठिकाणी हे अमुक म्हणजे 7. थोडक्यात, घरातलं जे जे चोरण्यासारखं आहे ते सगळं शोधून काढायचं आणि एका छोट्या, हलक्या, चाकांच्या बॅगेत भरायचं. चोराची शोधाशोध आपणच उरकून ठेवायची.

पॉवर बँक तर नियमानेच हातातल्या बॅगेत. लिथियम बॅटरीने पेट घेतलाच तर तो माणसांच्या डोळ्यांदेखत घ्यावा, विमानाच्या पोटातल्या सामानात नको, हा त्यामागचा विचार. विचाराला नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्यामुळे माझ्या बॅगेत पेटू शकणारं आणि पळवलं जाऊ शकणारं, असं दोन्ही शेजारी शेजारी नांदत होतं.

निघायच्या आदल्या रात्री बायकोने माझ्या हातात एक डबी दिली. चिकटपट्टीने नीट बंद केलेली.

"अहो, ही तुमच्याकडे राहू दे. दागिने आहेत."

त्या क्षणापासून माझी मान अवघडली.

निरोप द्यायला आलेल्या मेहुण्याने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, "दाजी, डबी तुमच्याकडे दिली वाटतं?"

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही बॅगेला मिठी मारून बसलाय."

मेहुण्याचं वाचन दांडगं आहे, आणि ते नेमकं आपण घाईत असतानाच त्याला आठवतं. चोर वस्तूकडे बघतच नाही, मालकाकडे बघतो, असं त्याने सांगितलं. 'खिसेकापूंपासून सावध' अशी पाटी वाचली की माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपतो, म्हणून खिसेकापू पाटीजवळच उभे राहतात. मग त्याने 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या कलिनन हिऱ्याची गोष्ट काढली. 3,106 कॅरटचा दगड. तो लंडनला न्यायचा म्हणून बोटीवर एक खोका चढवला, त्याच्या दिमतीला गुप्त पोलीस दिले, सगळ्यांचं लक्ष त्या खोक्याकडे. खोक्यात होता नकली दगड. खरा हिरा साध्या पार्सलातून रजिस्टर पोस्टाने गेला आणि सुखरूप पोहोचला.

"मग काय, दागिने पोस्टात टाकू?"

"तसं नाही दाजी. चेहरा कोरा ठेवा."

बायको बाजूला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती काही बोलली नाही.

चेहरा कोरा ठेवायचा सराव मी रात्री आरशासमोर केला. कोरा चेहरा आणि अपराधी चेहरा यांत आरशातून फारसा फरक दिसत नाही.

रोख रकमेसाठी मी पोटाला बांधायचा पट्टा घेतला होता. शर्टाच्या आत, कुणाला दिसणार नाही असा. पण सुरक्षा तपासणीतलं यंत्र नेमकं न दिसणारंच बघण्यासाठी बनवलेलं असतं. दोन्ही हात वर करून त्याच्यात उभं राहिलं की पडद्यावर माणसाची एक बाह्याकृती उमटते आणि जिथे संशय, तिथे पिवळा चौकोन. माझ्या आकृतीच्या पोटावर चांगला ऐसपैस चौकोन उमटला.

"पोटाला काय आहे?"

"पैसे," मी कुजबुजलो.

"काय?"

"पैसे!"

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. काहींनी आदराने.

इकडे हा संवाद चालू असताना माझी बॅग एक्स-रेच्या बोगद्यातून पलीकडे निघून गेली होती. आपली बॅग बोगद्यात शिरेपर्यंत तिच्याजवळून हलायचं नाही, हे मी पाठ केलं होतं आणि पाळलंही होतं. पण ती शिरल्यावर पुढच्या माणसाच्या खिशातून आधी किल्ल्या, मग सुट्टी नाणी, मग पट्ट्याचं बक्कल, आणि शेवटी त्यालाही माहीत नसलेलं काहीतरी निघतं, यावर पाठांतराचा इलाज नाही. पलीकडे सगळे जण आपापले ट्रे उचलत होते. सगळ्यांच्या बॅगा काळ्या. बूट न घालताच मी धावलो आणि बॅग पकडली. ती माझीच होती, हे चांगलं झालं.

विमानात चढण्याच्या रांगेत पुढची धास्ती उभी असते. "वरचे कप्पे भरलेत, बॅगा खाली द्याव्या लागतील." माझ्या पुढच्या गृहस्थांवर ही वेळ आली. ते दारातच उकिडवे बसले आणि बॅगेतून पॉवर बँक, औषधं, कॅमेरा, कागदपत्रं असा आपला सगळा खाजगी इतिहास जमिनीवर मांडू लागले. अशा वेळी पटकन बाहेर काढायच्या वस्तू एका वेगळ्या पिशवीत सर्वांत वर ठेवाव्यात, हे शहाणपण मला त्यांच्या पाठीकडे बघून आलं. मी श्वास रोखून त्यांना ओलांडलं.

बॅग आपल्या डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये, समोरच्या रांगेवरच्या कप्प्यात ठेवावी. डोक्यावरचं दिसत नाही, समोरचं दिसतं. चेन भिंतीच्या बाजूला करावी. कुलूप लावावं, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. चेनच्या दातांत साधं बॉलपेन खुपसलं तरी ती उकलते, आणि कुलपासकट पुढेमागे सरकवली की परत मिटतेसुद्धा. विमानातले चोर रीतसर तिकीट काढून येतात. दिवे मंद झाले की कुणाचीही बॅग आपलीच असल्यासारखी काढतात, मांडीवर घेऊन हवं ते उचलतात आणि बॅग जागच्या जागी ठेवून देतात. आपल्याला पत्ता लागतो तो मुक्कामी पोहोचल्यावर.

म्हणून मी झोपलोच नाही. समोरच्या कप्प्यावर नजर रोखून बसलो. त्या कप्प्याच्या बरोबर खाली एक सद्गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं. मग उठले, कप्पा उघडला, स्वतःची बॅग काढली आणि पायाशी घेऊन, तिच्या पट्ट्यात पाय अडकवून बसले. रात्रभर ते माझ्यावर आणि मी त्यांच्यावर पहारा देत होतो. कुणी कप्प्याला हात लावला की मी अर्धा उठायचो. एअर होस्टेस दोनदा येऊन "काही हवंय का?" विचारून गेली. नंतर ती विचारायची थांबली, नुसतीच जवळ उभी राहू लागली.

जागरणात करमणूक म्हणून तिकिटाच्या अटी वाचल्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचं नुकसान झालं तर भरपाई कशी, हे 1999 च्या माँट्रियल कराराने ठरवलं आहे. 28 डिसेंबर 2024 पासून माणशी जास्तीत जास्त 1,519 स्पेशल ड्रॉइंग राइट्स. हे पाच परदेशी चलनांच्या ठरावीक मिश्रणावरून ठरणारं हिशेबाचं एकक आहे. ते आजवर कुणी खिशात घातलेलं नाही. पण खरी मेख पुढे आहे. हातातल्या सामानाला काही झालं तर कंपनी जबाबदार केव्हा? चूक तिची असेल तेव्हा. मी झोपलो, ही चूक कंपनीची ठरत नाही.

सुरक्षेच्या सूचनांत तर विमान रिकामं करायची वेळ आल्यास सगळं सामान सोडून निघा, असं बजावलेलं असतं. इथे मात्र माझी थट्टा थांबते. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून 379 माणसं जिवंत बाहेर आली. बॅगा काढत बसले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. मी पासपोर्ट काढून खिशात घातला. डबीचं काय करावं ते सुचेना, म्हणून बायकोला हलवून विचारलं.

"राहू द्या हो तिथेच," ती डोळे न उघडता म्हणाली आणि कूस बदलली. माझ्यासमोर दुसरा कुणी दागिन्यांबद्दल इतका बेफिकीर राहिला असता तर मी त्याला बेजबाबदार म्हटलं असतं.

मुक्कामी पोहोचल्यावर मी दार लावलं, पडदे ओढले आणि डबी तिच्या स्वाधीन केली. तिने चिकटपट्टी सोडवली. आत केसांचे चाप होते. काही शर्टाची बटणं.

दागिने तिच्या औषधांच्या पिशवीत, खोकल्याच्या गोळ्यांखाली होते. ती पिशवी सगळा प्रवास तिच्या पायाशी पडून होती. दोनदा तर मीच ती लाथेने सरकवली होती.

"म्हणजे मी बोटीवरचा खोका?"

"तुम्ही गुप्त पोलीस," ती म्हणाली. "खोका डबी होती. आणि पहारा काय सुंदर दिलात हो! सगळं विमान तुमच्याकडे बघत होतं."

परतीच्या आदल्या रात्री तिने पुन्हा माझ्या हातात डबी दिली. चिकटपट्टी या वेळी जास्त गुंडाळलेली. मी कानाशी हलवून पाहिली, काही अंदाज येईना.

"अगं, या वेळी आत काय आहे?"

"ते तुम्हाला सांगितलं तर तुमच्या चेहऱ्यावर दिसेल," ती म्हणाली आणि निवांत बॅग भरू लागली.