चंद्रावरचं रॉकेट बघून झालं असेल, तर पुढे सरका

चित्रपटाचा इतिहास शिकवायची आपल्याकडे एक ठरलेली चाकोरी आहे. १८९५ साली पॅरिसच्या ग्रँड कॅफेत लुमिएर बंधूंचा खेळ. मग त्यांच्याच माणसाने ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवलेला खेळ, कारण तो आपला अभिमानाचा मुद्दा. मग दिग्दर्शक मेलिएसचा १९०२चा चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट, चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं रॉकेट. झालं, फ्रान्स संपला! पुढचा तास जर्मन एक्स्प्रेशनिझम (वाकडेतिकडे सेट, गडद सावल्या), त्याच्या पुढचा सोव्हिएत मोंताज (शॉट शॉटला भिडवून अर्थ घडवणारं संकलन), आणि फ्रान्सची आठवण होते ती थेट १९६०च्या सुमारास, गोदार-त्रुफो हे दिग्दर्शक आल्यावर. फिल्म सोसायटीतली जुनीजाणती मंडळीसुद्धा याच वाटेने जातात. माझं भांडण त्या मधल्या रिकाम्या जागेशी आहे, कारण मूकपटांच्या काळातलं फ्रान्सचं सगळ्यात मोठं काम नेमकं तिथे, १९२०च्या दशकात आहे.

मेलिएसवर माझा आकस नाही. तो जादूगारच होता, आणि आयुष्याने त्याचे हाल केले. कर्जात बुडाल्यावर १९२३ साली त्याने स्वतःच्या हाताने निगेटिव्ह जाळल्या आणि पुढे माँपार्नास स्टेशनवर खेळणी-गोळ्यांचं दुकान चालवलं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण गोमाँ या फ्रेंच चित्रपट कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागलेली आणि काही वर्षांत तिथली चित्रनिर्मिती सांभाळू लागलेली एलिस गी कितीजणांना ठाऊक आहे? १९०६ साली ख्रिस्ताच्या आयुष्यावर तीनेकशे एक्स्ट्रा घेऊन तिने त्या काळाच्या मानाने अवाढव्य चित्रपट काढला. पुढे कित्येक दशकं तिच्या कामाचं श्रेय पुरुषांच्या खात्यावर जमा होत राहिलं. असो, तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

मुद्दा १९२०च्या दशकातल्या मंडळींचा. माणूस काय करतो हे कॅमेऱ्याने दाखवून झालं होतं. माणसाच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय हे एकही शब्द न बोलता दाखवायचं, हा ध्यास या लोकांनी घेतला. आबेल गान्सचा 'ला रू' १९२३चा. त्यात कड्यावरून लोंबकळणाऱ्या तरुणाचा हात सुटायच्या क्षणी त्याच्या प्रेमाच्या आठवणी पडद्यावर येतात, आणि कट इतके तोकडे होत जातात की शेवटी प्रत्येक शॉट एकेका फ्रेमचा उरतो. डोळ्यांना चित्र पकडता येत नाही, फक्त धडधड जाणवते. रशियाचा गाजलेला 'बॅटलशिप पोटेमकिन' आला १९२५ला. तरी वेगवान संकलन म्हटलं की आपण फक्त रशियाचं नाव घेतो!

गान्सचाच 'नेपोलियन' (१९२७) मात्र मला झेपत नाही. शेवटी तीन पडदे शेजारी-शेजारी उघडतात तेव्हा अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण आत माणूस सापडत नाही, नुसता पुतळा. भक्तांनी रागवावं.

त्यापेक्षा जर्मेन द्युलाकचा १९२३चा 'हसतमुख मादाम बदे' बघा. तासाभराचासुद्धा नाही. गावातला कापडव्यापारी नवरा आणि पियानोत, पुस्तकांत जीव रमवणारी बायको. मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेरची बाई नाही. टेबलावरची फुलदाणी तो बरोबर मधोमध ठेवतो, ती येऊन जरा बाजूला सरकवते. एवढ्यावर अख्खा संसार कळतो. नवऱ्याला एक भिकार विनोद करायची खोड आहे. कुणी मनाविरुद्ध बोललं की ड्रॉवरमधलं रिकामं रिव्हॉल्वर काढून कपाळाला लावायचं. एके दिवशी बायको गुपचूप त्यात गोळ्या भरते. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण शेवटी नवऱ्याला त्या गोळ्यांचा जो अर्थ लागतो, तो बघून हसावं की रडावं कळत नाही. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आणि माझा सगळ्यात लाडका, दिमित्री किर्सानॉफचा 'मेनिलमाँताँ' (१९२६). मेनिलमाँताँ ही पॅरिसच्या पूर्वेची कामकऱ्यांची वस्ती. जेमतेम पाऊण तासाचा चित्रपट, आणि त्यात पडद्यावर मजकुराची एकही पाटी नाही. संवादाची नाही, 'दोन वर्षांनंतर' असं सांगणारीही नाही. सुरुवातीलाच कुऱ्हाडीने आईबापांचा खून, अनाथ झालेल्या दोघी बहिणी शहरात येऊन कागदी-कापडी फुलं करायच्या कामाला लागतात, धाकटी एका पोराच्या नादी लागून फसते. कथानक म्हणाल तर मेलोड्रामाच.

पण तो बाकाचा प्रसंग! तान्हं बाळ कुशीत घेऊन धाकटी बागेतल्या बाकावर बसली आहे. कडाक्याची थंडी, तोंडातून वाफ निघते आहे. शेजारी एक म्हातारा येऊन आपली शिदोरी सोडतो आणि खायला लागतो. तिची नजर त्या पावाकडे जाते, परत वळते. म्हातारा तिच्याकडे बघतही नाही. पावाचा तुकडा तोडून दोघांच्या मधे बाकावर ठेवतो आणि आपलं खाणं चालू ठेवतो. मग थोडं मांसही. ती उचलते, चावता चावता डोळ्यांतून पाणी गळायला लागतं, आणि मधेच एक कसनुसं हसू. नादिया सिबिर्स्कायाचा तो चेहरा बघताना मला अभिनय वगैरे काही आठवत नाही. उपकार करणाऱ्याने समोरच्याला लाजवू नये म्हणून नजर टाळणं, हे बोलपटात कुणाला इतकं नेमकं जमलंय? माझ्या तरी बघण्यात नाही. बोलपटात त्या म्हाताऱ्याच्या तोंडी हमखास एक वाक्य घातलं असतं आणि सगळं मुसळ केरात!

गंमत म्हणजे नाव रशियन वाटलं तरी ही बाई फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातली, खरं नाव जर्मेन लबा. रशियन साम्राज्यातून आलेला होता तो दिग्दर्शक.

ड्रायर या दिग्दर्शकाच्या 'जोन ऑफ आर्क'वर (१९२८) का लिहिलं नाही, असं कुणीतरी विचारेलच. चित्रपट थोर आहे, त्यातल्या नायिकेच्या, फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्याबद्दल वाद नाही. पण ड्रायरवर लिहिणारे पुष्कळ आहेत, बिचाऱ्या किर्सानॉफला कुणी विचारत नाही.

बघायचे असतील तर 'मेनिलमाँताँ' आधी, 'मादाम बदे' नंतर, आणि 'ला रू' हातात सलग सुट्ट्या असतील तेव्हाच, कारण त्याची दुरुस्त केलेली प्रत जवळपास सात तासांची आहे. यूट्यूबवरच्या काही प्रतींत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. त्यात चित्रपटाचा दोष नाही, चुकीच्या वेगाने चढवलेली प्रत आहे, दुसरी शोधा. वर कुणीतरी भलतंच पियानोसंगीत चिकटवलेलं असेल तर खुशाल आवाज बंद करा.