टपाल कायदा बदलला, पण जबाबदारीचं काय?

१८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा आला, म्हणजे टपालातला इंग्रजांचा अंमल संपला, असं या कायद्यावरच्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. पत्र हरवलं, उशिरा पोचलं किंवा भलत्याच्याच हातात पडलं तरी सरकार जबाबदार नाही, हे जुनं कलम ६ होतं. नव्या कायद्यात तेच कलम १० म्हणून बसलंय. नियमांत जेवढी जबाबदारी घेतली जाईल तेवढीच. उलट टपाल चोरणाऱ्या किंवा फेकून देणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेचं कलम ५२ होतं, ते नव्या कायद्यात नाही. चोरीला आता सर्वसाधारण फौजदारी कायदा आहे, हे मान्य. पत्र उघडून बघायचा सरकारचा अधिकार मात्र नव्या कायद्याच्या कलम ९ मध्ये कायम आहे.

मी नाशिकला वकिलांकडे कारकुनी करतो. चेक न वटता परत आला की चेक देणाऱ्याला तीस दिवसांत नोटीस धाडावी लागते. पाकीट परत येतं, त्यावर पेनाने लिहिलेलं असतं, ‘दार बंद, इंटिमेशन दिली’ (म्हणजे पाकीट आल्याची सूचना दिली). पत्ता बरोबर असेल तर अशी नोटीस बजावली गेली असं कोर्ट सहसा धरतं. म्हणजे पोस्टमनच्या त्या चार शब्दांवर माणसाचा खटला उभा राहतो, आणि शेरा चुकीचा निघाला तर भरपाई मागायला फारशी जागा नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा तरी याचा विचार व्हायला हवा होता. लेखकांनी कलम १० वर सविस्तर लिहावं, ही विनंती.