स्वखुशीने, दोन प्रतींत

आमचं घर चौकाच्या तोंडावर आहे आणि बांधताना बाबांनी कुंपणाची भिंत हौसेने सात फूट उंच घेतली. चोर येऊ नयेत म्हणून. चोर काही आले नाहीत. उमेदवार येतात.

2024 च्या विधानसभेला माझा शाळेतला बाकमित्र उभा राहणार होता. गणपतीपासूनच आमच्या भिंतीवर त्याचा फ्लेक्स लटकत होता. गणपतीच्या शुभेच्छा, मग त्यावरच चिकटवून दसऱ्याच्या, आणि खाली 'भावी आमदार'. लावायला मला कुणी विचारलं नव्हतं. काढायलाही विचारलं नाही. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. सरकारी इमारतींवरचे बोर्ड 24 तासांत, सार्वजनिक जागेवरचे 48 तासांत आणि खासगी भिंतींवरचे 72 तासांत उतरवायचे असा नियम. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं शिडी घेऊन आली आणि मित्राला गुंडाळून ट्रॅक्टरमध्ये टाकून गेली. भिंतीचा खरा रंग मी दीड महिन्याने पाहिला. तो इतका वाईट आहे हे विसरलो होतो.

अर्ज भरल्यावर मित्र पुन्हा हजर. या वेळी सगळं कायदेशीर हवं होतं त्याला. घरमालकाची लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तीन दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. त्याने कोरा कागद पुढे सरकवला.

"लिही. मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..."

"अरे, पण मी अजून..."

"लवकर लिही रे, गाडी चालू आहे खाली. 'दबावाला' आलं ना? ते जरा ठळक काढ."

मी सही करणार, एवढ्यात झोपाळ्यावरून आवाज आला. "मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं आहे?"

बाबांनी कोर्टात 34 वर्षं कारकुनी केली. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं कोर्ट अजून उठलेलं नाही. शिवाय सातवीत असताना याच मित्राने चेंडू मारून आमची काच फोडली होती, ते प्रकरण त्यांच्या दप्तरी प्रलंबितच आहे. मित्र लगेच पाया पडला. "काका, तुम्हीच द्या की संमती." बाबा म्हणाले, "उद्या ये. मसुदा करावा लागेल."

मसुदा दोन पानी झाला. एका फ्लेक्सला भिंतीची चतुःसीमा लागते हे मला त्या दिवशी कळलं. 'पूर्वेस नगरपालिकेचा रस्ता, पश्चिमेस लिहून देणाऱ्याचे तुळशीवृंदावन.' खिळा ठोकायचा नाही. संमती कधीही रद्द करण्याचा हक्क राखून ठेवलेला. आणि शेवटचं कलम असं की फाटकावर लिहून देणार स्वतःच्या आवडीच्या पक्षाचा एक झेंडा लावतील. तो पक्ष मित्राच्या थेट विरोधातला. मित्र चपापला. पण बाबांनी नियम वाचूनच ठेवला होता. घरावर एकाहून जास्त पक्षांचे झेंडे लावायचे असतील तर प्रत्येकाचा एकेक चालतो. नियम करणाऱ्यांना आमचं घर माहीत असावं.

फ्लेक्स लागला, पण अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. त्यामुळे चेहऱ्याशेजारी एक पांढरा गोल आणि त्याखाली 'निशाणी' एवढंच. गल्लीतल्या पोरांनी दोन दिवसांत त्याचं नाव 'इडलीवाले साहेब' करून टाकलं.

सुतळी माझ्या पदरची होती. 45 रुपयांची. बाबांनी विचारलं, "उमेदवाराची लेखी परवानगी घेतलीस का खर्चाला?" मी हसलो. ते हसले नाहीत. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे म्हणे. सवलत एकच, खर्च 10 रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत त्याची लेखी मान्यता आणायची. हे दहा रुपये 1920 साली कायद्यात आले. 2024 मध्ये अख्खी दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली, दहा रुपये जागचे हलले नाहीत. तेव्हा दहा रुपयांत मांडवही पडला असता. आता सुतळीची गुंडी येत नाही. शेवटी मी पावती घेऊन मित्राकडे गेलो आणि त्याच्या 40 लाखांच्या खर्चमर्यादेत माझे 45 रुपये रीतसर चढवून घेतले. हिशेबनिसाने मला नखशिखान्त न्याहाळलं. चहा विचारला नाही.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी सी-व्हिजिलवर, म्हणजे आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठीच्या निवडणूक आयोगाच्या ॲपवर, आमच्या भिंतीचा फोटो टाकला. या तक्रारीचा निकाल 100 मिनिटांत लावतात. आमच्या चौकातल्या बंद दिव्याची तक्रार मी दीड वर्षापूर्वी केली आहे, ती अजून 'कार्यवाहीत' आहे. मी आकाशकंदिलाची वायर ओढत स्टुलावर उभा असतानाच भरारी पथकाची गाडी दारात. साहेबांनी फ्लेक्सवरचा चेहरा पाहिलाच नाही. वाकून, मोबाइलची बॅटरी लावून, ते थेट तळाच्या ओळीपाशी गेले. मुद्रक, प्रकाशक, प्रती. अक्षरं मुंगीएवढी, त्यात 'प्रती'च्या आकड्यावर सुतळीची गाठ. गाठ सरकवून मी आकडा दाखवला.

"संमतीपत्र?"

बाबा आतून फाइलच घेऊन आले. साहेब पहिल्या पानावर उभे होते, तुळशीवृंदावनापाशी आल्यावर खुर्चीत बसले. "असं पत्र पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले. बाबांनी ते कौतुक समजून घेतलं आणि त्यांना दुसरी प्रतही वाचायला दिली. जाता जाता साहेबांनी कंदिलाकडे पाहिलं. "रंग..." एवढंच म्हणाले. आमच्या हिने तो उतरवून पांढरा लावला. वर्षभर कुणाला काही न वाटणारे रंग त्या महिन्यात बोलायला लागतात.

4 नोव्हेंबर हा माघारीचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. पावणेतीनला मित्राने वरिष्ठांच्या शब्दाला मान देऊन अर्ज मागे घेतला. कळल्यावर मी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. माझ्या 45 रुपयांच्या सुतळीची एकही गाठ सुटेना, सगळ्या कापाव्या लागल्या. पांढरा गोल शेवटपर्यंत कोराच राहिला.

संध्याकाळी मित्र आला तो नव्या फ्लेक्ससकट. वर अधिकृत उमेदवार, कालपर्यंत ज्यांना हा चौकात उभं राहून शिव्या घालत होता तेच, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेला हा. शेजारी चिन्ह, तेही भरलेलं. पक्ष अर्थात बाबांच्या झेंड्याचाच. संमतीपत्र या वेळी त्याने टाइप करूनच आणलं होतं. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता', तेही ठळक.

"काका, आता तर आपण एकच. तारीख तेवढी टाका."

बाबांनी चष्मा लावला. कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"यात चतुःसीमा कुठे आहे?"